कडू रसाचा शोध

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने आपण श्रद्धेने खातो. परंतु त्या कडूपणात नेमके आहे तरी काय, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, त्या डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.

बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा येथे १८९७ मध्ये जन्मलेल्या सिद्दिकींनी अलीगढला तत्त्वज्ञान व फारसीचे अध्ययन केले. लंडनला आरंभिलेले वैद्यकाचे शिक्षण सोडून ते फ्रँकफुर्टला रसायनशास्त्राकडे वळले आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. युनानी औषधींची आधुनिक प्रयोगशाळेत कसोटी व्हावी, ही हकीम अजमल खान यांची तळमळ. त्यांच्याच प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सिद्दिकींनी संशोधन उभारले. हकीमसाहेब त्याच वर्षाअखेर निवर्तले; मात्र १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून वेगळ्या केलेल्या एका अल्कलॉइडला शिष्याने अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर पुढे त्याचा उपयोग झाला.

१९४२ मध्ये त्यांनी कडुनिंबाचे तेल हाती घेतले. निरनिराळ्या द्रावकांत निरनिराळे घटक उतरतात, या तत्त्वाने एकामागून एक द्रावक योजून त्यांनी निंबिन, निंबिनिन व निंबिडिन ही कडू द्रव्ये अलग केली. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले, तेथील वैज्ञानिक संशोधन परिषदेचे संस्थापक झाले आणि १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले. देश बदलला, पण कडुनिंब सुटला नाही. कराची विद्यापीठात उतारवयातही ते सहकाऱ्यांसह त्याच्या पानांतील नवनवी संयुगे शोधीत राहिले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा बोध स्पष्ट आहे. पानांतील द्रव्यांचे प्रमाण झाडागणिक व ऋतूगणिक बदलते. द्रव्य ओळखल्याखेरीज मात्रा ठरत नाही आणि मात्रेवाचून औषध व विष यांतील सीमारेषाही कळत नाही. झाडपाल्याला सरसकट थोतांड म्हणणारे आणि पूर्वजांना सारे ठाऊक होते म्हणून हातावर हात ठेवणारे, दोघेही परीक्षेचे कष्ट टाळतात. हकीमसाहेबांना परंपरेचा अभिमान होता, म्हणूनच त्यांनी तिला प्रयोगशाळेत पाठविले. परीक्षेला भिणारा अभिमान परंपरेच्या काय कामाचा?