लोक हसले, पण नहर वाहिली : मलिक अंबर यांचा भरवसा

शिरड शहापूर (जि. हिंगोली) : हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा जुम्म्याच्या बयानात आपण लहानपणापासून ऐकत आलोय. अल्लाहच्या हुकुमाने ते जहाज बांधत होते आणि कौमचे मोठे म्हणवणारे लोक येता-जाता त्यांची थट्टा करत होते. हा किस्सा ऐकला की मला आपल्याच मराठवाड्यातले मलिक अंबर आठवतात. पैगंबरांशी कुणाची तुलना होऊच शकत नाही, तो हेतूही नाही. पण पाण्याच्याच एका कामावरून लोक अंबर यांनाही हसले होते, म्हणून ही आठवण.

आमच्या भागातून खुलताबादला जर जरी जर बक्ष (रह.) यांच्या दर्ग्यावर जाणारे खूप. तिथून जवळच मलिक अंबर यांचा मकबरा आहे. तिकडे किती जण वळतात?

अंबर यांचा जन्म 1548 च्या सुमारास हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. नाव होतं चापू. लहानपणीच ते गुलामांच्या बाजारात विकले गेले. एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आले. त्याने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. तिथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि अंबर हे नाव मिळालं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतलं. हे चंगेजखानही हबशी, एकेकाळचे गुलामच. (मंगोल चंगेजखान वेगळा, मुलांनी घोळ करू नये.) मालकाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाले. ज्याचं घर, आई-बाप, नाव सगळं गेलं, त्याच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या : ईमान आणि मेहनत.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली असं सगळे धरून चालले. अंबर यांनी परांड्याला मुर्तजा निजामशाहला गादीवर बसवलं आणि लढत राहिले. 1610 मध्ये त्यांनी खडकी वसवली, तेच आजचं औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. 1612 मध्ये तिथे भडकल दरवाजा उभा राहिला, जामा मशिदीचं कामही त्याच वर्षीचं. नवं शहर वसवणाऱ्याने मशिदीचं काम पुढे ढकललं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग वाईट दिवस आले. 1616 मध्ये जालन्याजवळ रोशनगावला त्यांचा पराभव झाला. काही सरदार आधीच फुटून मुघलांना मिळाले होते. खडकी लुटली गेली, जाळली गेली. त्याच सुमारास बादशाह जहांगीरने एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्याच्या टोकावर अंबर यांचं कापलेलं डोकं आहे आणि बादशाह त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही! आपल्या आठवणींत जहांगीरने अंबर यांच्या काळ्या रंगावरूनही हिणवलंय. 1617 मध्ये तर अहमदनगरचा किल्ला शहजादा खुर्रमच्या हवाली करावा लागला.

नहरीचं काम याच दिवसांतलं, 1617 च्या सुमारासचं. अंबर यांचं वय सत्तरीच्या घरात. शहर जळालेलं, शत्रू उंबऱ्यावर. आणि हे म्हणतात, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणू. दरबारातले मोठे लोक हसले, वजीरसुद्धा हसला. उन्हाळ्यात कोरडी विहीर बघितलेल्या आपल्या लोकांना त्या हसण्याचा अर्थ कळेल. पाणी काय, म्हटलं म्हणून येतं?

अंबर यांच्या मनात काय चाललं होतं ते अल्लाहच जाणे. पण त्यांनी वाद घातल्यापेक्षा काम केलेलं दिसतं. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही नबी करीम (सल्ल.) यांची शिकवण आहे. इथे उंट बांधणं म्हणजे खोदणं होतं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी पाटात गोळा करायचं, उतार नीट साधायचा, ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी वरून तोंडं ठेवायची. मोट नाही, बैल नाही, पाणी आपल्या उताराने चालत येतं. उतार बोटभर चुकला तरी सगळं फुकट. सांगतात की पंधरा महिन्यांत अडीच लाख रुपयांत काम झालं आणि खडकीत पाणी आलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ शहर तिचं पाणी प्यायलं.

1621 मध्ये मुघलांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. जमिनीखालची नहर मात्र जाळता येण्यासारखी नव्हती.

1624 मध्ये भातवडीला मुघल आणि विजापूर, दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या. तिथेही अंबर यांनी तलावाचं पाणी सोडून शत्रूची वाट चिखलाची केली आणि लढाई जिंकली. शहाजीराजे भोसले तेव्हा त्यांच्या बाजूने लढत होते.

1626 मध्ये अंबर वारले. ज्या दरबाराने त्यांची खिल्ली उडवली, त्याच दरबाराच्या इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्यांच्या शौर्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने तारीफ लिहून ठेवली आहे. खुलताबादला त्यांच्या जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांचाही मकबरा आहे. पुढच्या वेळी दर्ग्यावर गेलात तर मुलांना घेऊन तिकडे जा, फातिहा पढा.