लॉगबुकच्या ढिगातून जागतिक डेटाबेस: मॅथ्यू मॉरीची गोष्ट

मागे एका प्रोजेक्टमध्ये माझे तीन दिवस एकाच कॉलमने खाल्ले. तापमानाचा कॉलम. दोन टीमकडून डेटा आला होता, एकीचा सेल्सिअसमध्ये, दुसरीचा फॅरनहाइटमध्ये, आणि युनिट कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हा वैतागून वाचत बसलो की ही भांडणं आधी कोणी सोडवली होती का. तिथे मॅथ्यू फॉन्टेन मॉरी सापडला. काळ १८५३ चा, म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ताच नाही.

मॉरीचा जन्म १८०६ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. एकोणिसाव्या वर्षी तो नौदलात गेला. १८३९ मध्ये ओहायोत त्याची घोडागाडी उलटली, उजवा पाय मोडला आणि कायमचा अधू झाला. समुद्रावरची नोकरी संपली. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला नौदलाचे नकाशे आणि उपकरणं सांभाळायच्या कोठारावर नेमलं. आजच्या भाषेत सांगायचं तर साइड पोस्टिंग.

तिथे जुन्या जहाजांच्या लॉगबुकांचे ढीग पडले होते. रोजचा वारा, प्रवाह, हवामान, जहाज कुठे आहे, सगळं त्यात लिहिलेलं. सफर संपली की वही कोठारात, पुढे कोणी उघडत नसे. मॉरीने माणसं बसवून त्यातल्या नोंदी काढल्या आणि समुद्राच्या चौकोनांत, महिन्यांप्रमाणे मांडल्या. कोणत्या महिन्यात कुठे कोणता वारा मिळेल, हे १८४७ पासून त्याच्या नकाशांवर दिसू लागलं.

कप्तानांचा आधी विश्वास बसेना. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळचे प्रवाह धोक्याचे, असं मानून रिओला जाणारी जहाजं अटलांटिकमध्ये खूप पूर्वेला वळसा घालायची. मॉरीचं म्हणणं, वळशाची गरज नाही. १८४८ मध्ये बाल्टिमोरचं एक जहाज त्याच्या मार्गाने गेलं आणि नेहमीपेक्षा बरेच दिवस आधी पोहोचलं. न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जायला सरासरी १८० हून जास्त दिवस लागत, त्यातलेही पुढच्या काही वर्षांत ४० च्या वर वाचले.

पण मला आवडली ती त्याची अट. नकाशे फुकट घ्या, मात्र माझा कोरा फॉर्म भरून परत पाठवा. तारीख, अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा, प्रवाह, हवेचा दाब, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान. एका फटक्यात वापरणारेच डेटा पुरवणारे झाले. आपण ज्याला स्कीमा म्हणतो तो त्याने छापून वाटला होता!

अडचण एवढीच की समुद्र एका देशाचा नाही. ऑगस्ट १८५३ मध्ये ब्रुसेल्समध्ये दहा सागरी देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांत ब्रिटन, फ्रान्स, रशिया, नेदरलँड्स होते, आणि अमेरिकेकडून मॉरी. सगळ्यांसाठी एकच फॉर्म ठरला. मापं आपापलीच राहिली, फक्त थर्मामीटरवर चालू पट्टीसोबत सेंटिग्रेडचीही पट्टी असावी असं ठरलं. (माझ्या तीन दिवसांचं उत्तर!) शिवाय युद्धात जहाज पकडलं गेलं तरी या नोंदींना हात लावू नये, अशीही शिफारस झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये सरकारी हवामान खाती उभी राहिली.

आता पुढचं, जे बऱ्याच लेखांत दोन ओळींत उरकतात. मॉरी गुलामगिरीच्या बाजूचा होता. दक्षिणेतले गुलाम ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेता येतील, अशी त्याची कल्पना होती. त्या नदीतही त्याला आधी जलमार्गच दिसला असेल, पण म्हणून माफ करावं असं मला वाटत नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, त्याने राजीनामा दिला आणि तो दक्षिणेला मिळाला. तिथे त्याने विजेवर उडणारे पाणसुरुंग बनवले. ज्या नौदलाची जहाजं काल त्याचे फॉर्म भरत होती, त्यांच्याच पोटाखाली ते लावायचे. वॉशिंग्टनमधलं त्याचं काम मंदावलं, पण नोंदी थांबल्या नाहीत, कारण तोवर फॉर्म एकट्याचा उरलाच नव्हता.

युद्धानंतर तो इंग्लंड, मेक्सिको असा फिरून १८६८ मध्ये व्हर्जिनियाला परतला आणि तिथल्या लष्करी शाळेत शिकवू लागला. १ फेब्रुवारी १८७३ ला तो वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात देशांची हवामान परिषद भरली. आजच्या जागतिक हवामान संघटनेचं मूळ तिच्यात आहे.

रिचमंडमधला त्याचा पुतळा २०२० मध्ये काढला गेला. मला त्यात वावगं वाटत नाही. त्याच्या संग्रहातल्या वह्यांची मात्र मायक्रोफिल्म झाली होती. १९९० च्या दशकात अमेरिका आणि चीनने मिळून त्या टाइप करून घेतल्या, आणि आज त्या जहाजांवरच्या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात आहेत. समुद्र पूर्वी किती गार होता हे शोधणारे संशोधक, कुठल्याशा खलाशाने बादलीभर पाणी वर ओढून मोजलेला आकडा अजून वाचत असतात.