जॉर्ज नॉरिस : उत्तरदायी विधिमंडळाचा आग्रह

प्रतिनिधीने कोणता निर्णय घेतला, हे मतदारांना कळलेच नाही, तर त्याला जाब कसा विचारायचा? अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे नेते जॉर्ज विल्यम नॉरिस यांच्या सार्वजनिक जीवनाचा बराचसा भाग या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला.

नॉरिस यांचा जन्म 11 जुलै 1861 रोजी ओहायो राज्यातील शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. कायद्याचे शिक्षण घेऊन ते नेब्रास्कात स्थायिक झाले. वकिली आणि न्यायदानाच्या अनुभवानंतर 1903 मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले. कोणते विधेयक चर्चेला घ्यावे, हे तेथे प्रामुख्याने नियम समिती ठरवी आणि तिची सूत्रे सभापती जोसेफ कॅनन यांच्या हाती असत. कॅनन स्वपक्षाचेच होते. तरीही 1910 मध्ये नॉरिस यांनी सभापतींना या समितीतून वगळण्याचा ठराव मांडला आणि विरोधी डेमोक्रॅटिक सदस्यांच्या साहाय्याने तो संमत करून घेतला.

1913 मध्ये ते सिनेटचे सदस्य झाले. निवडणुकीत पराभूत झालेले सदस्य त्या काळी पुढील मार्चपर्यंत कायदे करीत असत. 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीने ही मुदत जानेवारीच्या आरंभापर्यंत आणली. तिचे प्रमुख पुरस्कर्ते नॉरिस होते.

नेब्रास्काच्या विधिमंडळात दोन सभागृहे होती. त्यांच्यात मतभेद झाल्यास मोजक्या सदस्यांची संयुक्त समिती बंद दाराआड विधेयकाला अंतिम रूप देई. त्यामुळे प्रत्येक सभागृहाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येई. म्हणून एकच सभागृह असावे आणि उमेदवारांच्या नावापुढे पक्षाचा उल्लेख नसावा, असे नॉरिस यांनी सुचविले. पक्षाची ओळख नसेल, तर मतदाराने निवड कशाच्या आधारे करावी, हा आक्षेप गंभीर होता. त्यावर, सदस्याने पक्षामागे न लपता स्वतःच्या मतदानाचा हिशेब द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. 1934 मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी राज्यभर प्रचार केला आणि मतदारांनी हा प्रस्ताव स्वीकारला. 1937 मध्ये 133 सदस्यांच्या द्विगृही विधिमंडळाची जागा 43 सदस्यांच्या एका सभागृहाने घेतली.

1942 च्या निवडणुकीत मात्र अपक्ष उमेदवार नॉरिस यांचा पराभव झाला. प्रतिनिधीला जाब विचारण्याचा जो अधिकार मतदारांना खऱ्या अर्थाने मिळावा म्हणून ते झटले, तोच अधिकार मतदारांनी त्यांच्याविरुद्ध वापरला. 2 सप्टेंबर 1944 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेले एकगृही विधिमंडळ नेब्रास्कात आजही कार्यरत आहे.