माळावर गाव वसवणारे वालचंद

‘इंडस्ट्री आणि निसर्ग’ या डिझाइन प्रोजेक्टसाठी साइट शोधताय? मग वालचंद हिराचंद यांना गाठा. जन्म सोलापूरचा, १८८२चा. घरची पेढी सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांसोबत रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे जहाज, विमान, मोटार अशा उद्योगांनी नाव गाजलं. पण आर्किटेक्चरवाल्यांसाठी खरा धडा इंदापूर तालुक्यात आहे. नीरेच्या खोऱ्यातल्या माळावर त्यांनी ऊस लावला, साखर कारखाना काढला, सोबत कामगारांची वसाहतही उभी केली. तेच वालचंदनगर.

१९५३ साली वालचंद गेले. गाव राहिलं, प्रश्नही राहिला. ऊस किती पाणी पितो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून तिथं गेलात तर इमारतींआधी पाण्याचा नकाशा काढा: येतं कुठून, जातं कुठं?