वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग

आमच्या वर्गातल्या कपाटावर पृथ्वीचा गोल आहे. परवा गुरुजींनी मला त्यावर न्यूयॉर्क आणि पॅरिस ही शहरं शोधायला लावली आणि दोन्हींमध्ये दोरा ताणून धरायला सांगितला. मला वाटलं, दोरा सरळ पूर्वेकडे जाईल. पण ताणल्यावर तो वर उत्तरेला सरकला आणि न्यूफाउंडलंड, आयर्लंडजवळून गेला. भिंतीवरच्या नकाशात ही वाट वाकडी दिसते, पण गोलावर तीच सर्वांत जवळची! असाच दोरा लावून अंतर मोजणाऱ्या एका वैमानिकाची गोष्ट मग गुरुजींनी सांगितली.

चार्ल्स लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे झाला. बालपण मिनेसोटा राज्यात शेतावर गेलं. कॉलेज अर्धवट सोडून १९२२ साली ते विमान चालवायला शिकले. पुढे सेंट लुईस ते शिकागो टपालाचं विमान नेऊ लागले.

त्या वेळी न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलरचं बक्षीस होतं. त्यापायी काही वैमानिकांचे प्राण गेले. ८ मे १९२७ रोजी पॅरिसहून निघालेले दोन फ्रेंच वैमानिक तर पुन्हा दिसलेच नाहीत. तरी लिंडबर्ग डगमगले नाहीत.

त्यांनी आधी हिशेब केला होता. सॅन डिएगोच्या ग्रंथालयात गोलावर दोरा लावून अंतर काढलं. ते सुमारे ५,८०० किलोमीटर भरलं. एवढ्या वाटेसाठी सुमारे १,७०० लिटर पेट्रोल बरोबर घेतलं. वजन वाढू नये म्हणून रेडिओ नाही, पॅराशूट नाही, सोबतीसुद्धा नाही! मोठी टाकी पुढे बसवल्यानं समोरचंही नीट दिसेना.

२० मे १९२७ रोजी सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी ते न्यूयॉर्कजवळून उडाले. आदल्या रात्रीही झोप झाली नव्हती. वाटेत धुकं लागलं, पंखांवर बर्फ साचू लागलं. पण मोठा शत्रू म्हणजे झोप. डोळा लागला की खाली समुद्र! तरी ते जागे राहिले. दुसऱ्या दिवशी रात्री १० वाजून २२ मिनिटांनी पॅरिसला उतरले. हजारो लोक धावत आले.

मी वहीत वेळ मोजला, तो साडेअडतीस तास आला. गुरुजी हसले. पॅरिसचं घड्याळ पाच तास पुढे होतं, तेवढे वजा करायचे. म्हणजे प्रवास साडेतेहतीस तासांचा. आज जेट विमान हेच अंतर सात-साडेसात तासांत जातं.

पुढे लिंडबर्ग यांच्या वाट्याला दुःखही आलं. त्यांच्या काही मतांवर लोकांनी टीकाही केली. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांवर त्यांचं निधन झालं.

आधी नीट मोजायचं आणि मगच निघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दोरा गोलाजवळच ठेवला आहे. तुम्हीही लावून बघा.