फुलांच्या खोलीतून सुरू झालेली व्यसनमुक्ती : सिस्टर इग्नेशिया यांचे जीवनकार्य

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, सेंट थॉमस रुग्णालयाच्या दाखल कक्षात १६ ऑगस्ट १९३९ रोजी एका रुग्णाची नोंद झाली. कागदावर निदान होते तीव्र जठरदाहाचे. प्रत्यक्षात तो माणूस दारूच्या व्यसनाने खचलेला होता. हे नोंद करणाऱ्या कॅथलिक जोगिणीला ठाऊक होते आणि त्याला घेऊन आलेल्या डॉक्टरांनाही. खरे कारण लिहिले असते, तर त्याला खाट मिळाली नसती. ती जोगीण म्हणजे सिस्टर मेरी इग्नेशिया गॅव्हिन. धर्मसंस्थेच्या छत्राखाली मद्यपींवर उपचार करण्याच्या आधुनिक परंपरेत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

इग्नेशिया यांचा जन्म १८८९ मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात झाला. १८९६ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात स्थायिक झाले. संगीत हा त्यांचा जीव की प्राण होता. १९१४ मध्ये त्यांनी सेंट ऑगस्टीनच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघात प्रवेश केला आणि पुढे अनेक वर्षे संगीताचे अध्यापन केले. कामाचा भार वाढत गेला आणि १९२७ मध्ये त्यांची शरीरप्रकृती व मन दोन्ही कोलमडले. संगीतशिक्षिकेचे काम कायमचे सुटले. पुढील वर्षी, नव्यानेच सुरू झालेल्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेण्याचे तुलनेने हलके समजले जाणारे काम त्यांच्याकडे आले. स्वतः मोडून पुन्हा उभे राहण्याचा हा अनुभव पुढे त्यांच्या कामाचा पाया ठरला.

त्या काळी मद्यपी हा रुग्ण मानला जात नसे. तो दुराचारी, दुर्बल इच्छाशक्तीचा, समाजाला भार झालेला माणूस समजला जाई. त्याची रवानगी तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात होई. रुग्णालयांना असे रुग्ण नको असत. ते गोंधळ घालत आणि बिलेही थकवत. इग्नेशिया यांनी पूर्वी अशा एका रुग्णाला गुपचूप दाखल करून घेतले होते. रात्री भ्रमात त्याने एवढा गोंधळ माजवला, की रात्रपाळीच्या प्रमुखांकडून त्यांना खडे बोल ऐकावे लागले. तरीही त्यांनी दार बंद केले नाही.

त्यांना साथ मिळाली डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची. डॉ. बॉब या नावाने ओळखले जाणारे हे शल्यविशारद स्वतः दीर्घकाळ दारूच्या आहारी गेले होते. न्यूयॉर्कचे बिल विल्सन यांच्या सहवासात १९३५ मध्ये त्यांची दारू सुटली आणि या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. डॉ. बॉब प्रोटेस्टंट होते, तर इग्नेशिया कॅथलिक. त्या काळात ही दरी लहान नव्हती. मात्र समोरचा माणूस वाचला पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते.

ऑगस्टमधील त्या रुग्णाला भेटण्यासाठी दारू सोडलेली काही माणसे येणार होती. बोलणे मोकळेपणाने व्हावे म्हणून एकांताची गरज होती. रुग्णालयात जागा नव्हती. तेव्हा रुग्णांसाठी आलेली फुले जिथे सजवली जात, त्या छोट्या खोलीत इग्नेशिया यांनी त्याची खाट लावून घेतली. पुढे वरिष्ठांची संमती मिळाली आणि एका खाटेचा स्वतंत्र कक्ष झाला.

उपचारांचा क्रम साधारण पाच दिवसांचा असे. शरीरातील विष उतरवण्याचे काम वैद्यकाचे. त्यानंतर आपली अवस्था मान्य करणे, आयुष्याचा प्रामाणिक हिशेब मांडणे, निश्चय करणे आणि पुढील जगण्याची आखणी करणे, अशा पायऱ्या असत. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे दिवसभर कक्षात येऊन स्वतःची कहाणी सांगत. प्रार्थनागृह जवळच होते. परंतु धर्मांतराची अट नव्हती. कोणत्याही पंथाचा माणूस तेथे येऊ शकत असे.

निरोपाच्या वेळी इग्नेशिया प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत. पुन्हा प्यावेसे वाटलेच, तर पहिला घोट घेण्यापूर्वी तो परत आणून द्यायचा, एवढीच अट असे. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बिल्ल्याचे बळ वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तथापि, ही ममता शिस्तीला सोडून नव्हती. उपचार घेऊन पुन्हा दारूकडे वळलेल्यांना सहसा दुसऱ्यांदा दाखल करून घेतले जात नसे. त्यामुळे काहींना कठोर नकार सोसावा लागला. उपलब्ध खाट नव्या माणसाच्या वाट्याला यावी, हा त्यामागील विचार होता.

डॉ. बॉब १९५० मध्ये निवर्तले. त्यांनी व इग्नेशिया यांनी सेंट थॉमसमध्ये सुमारे ५ हजार मद्यपींवर उपचार केल्याचे चळवळीच्या साहित्यात नमूद आहे. डॉ. बॉब यांनी या सेवेचे शुल्क घेतले नाही. १९५२ मध्ये इग्नेशिया यांची बदली क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात झाली. तेथे त्यांनी रोझरी हॉल सोलॅरियम हा कक्ष उभारला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे रॉबर्ट होलब्रुक स्मिथ या नावाच्या आद्याक्षरांशी जुळतात. सहकाऱ्याचे स्मरण असे वास्तूच्या नावातच गुंफले गेले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यपाश हा उपचारयोग्य आजार असल्याचे १९५६ मध्ये मान्य केले. तोवर फुलांच्या खोलीतील त्या पहिल्या खाटेला १७ वर्षे झाली होती. १ एप्रिल १९६६ रोजी इग्नेशिया यांचे निधन झाले.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे काम १९५७ पासून भारतातही सुरू आहे. आज देशातील अनेक शहरांत चर्चच्या किंवा शाळेच्या एखाद्या साध्या खोलीत या गटांच्या सभा भरतात. घरातील दारूचे दुःख अजूनही दडवले जाते. कारण त्याला आजार म्हणण्यापेक्षा कलंक मानणे समाजाला सोपे वाटते. इग्नेशिया यांना एका माणसाला खाट मिळवून देण्यासाठी निदान बदलून लिहावे लागले होते. ते खरे लिहिता यावे आणि तरीही दार उघडे राहावे, यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य वेचले.