आबे फारिया : निद्रेचे मर्म सांगणारा गोमंतकीय

बेंगळूरहून रात्रीच्या बसने पणजीस गेलेल्या आमच्या सभासदांपैकी अनेकांनी जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा पाहिला असेल. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री भान हरपून कोसळते आहे. हा कोणी मांत्रिक असावा, असेच प्रथमदर्शनी आम्हांसही वाटले होते. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे शिल्प १९४५ साली उभारले गेले. ते उत्कृष्ट आहे, यात शंका नाही. परंतु त्या पसरलेल्या हातांत कसलीही शक्ती नाही, हेच सांगण्यात ह्या पुरुषाची अखेरची वर्षे खर्ची पडली.

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बारदेशातील कांदोळी येथे झाला. आईवडिलांचे पटेना, म्हणून दोघे विभक्त झाले. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात राहिली, वडील धर्मगुरू झाले आणि १७७१ मध्ये मुलासह लिस्बनला पोहोचले. पुढे रोममध्ये शिकून फारियांनी १७८० साली धर्मदीक्षा घेतली. लिस्बनला राणीसमोर प्रवचनास उभे राहताच त्यांची वाचा बसली, अशी एक आख्यायिका गोव्यात सांगतात. तेव्हा वडिलांनी मागून हळूच कोंकणीत सुचविले, की ही सारी भाजीच आहे, काप बिनदिक्कत! आणि प्रवचन अस्खलित झाले. आख्यायिका खरी असो वा नसो, दूरदेशी मायबोलीतला एक शब्द काय करू शकतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. संशयाची छाया पितापुत्रांवरही पडली आणि १७८८ मध्ये फारियांनी पॅरिस गाठले.

त्या काळी व्हिएन्नाचे डॉक्टर मेस्मर यांच्या मताचा तेथे बोलबाला होता. प्रयोगकर्त्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याकडे वाहतो, असे ते मत. फ्रेंच राजाने नेमलेल्या समितीने १७८४ मध्येच ते नाकारले होते. तरी लोकांची श्रद्धा ढळली नव्हती. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग मांडले. त्यांची रीत अगदी साधी. माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवावे, डोळे मिटून मन निद्रेवर एकाग्र करावयास सांगावे आणि मग खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यावी. तेवढ्याने न साधल्यास उघडा तळहात डोळ्यांसमोर धरावा. यात द्रव नाही, चुंबक नाही, प्रयोगकर्त्याचे इच्छासामर्थ्यही नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनातच घडते, असे ते स्पष्ट सांगत. रक्त पातळ असलेल्यांना ही निद्रा लवकर लागते, ही त्यांची समजूत मात्र पुढे टिकली नाही.

स्वतःकडे चमत्कार असल्याचे सांगते, तर त्यांचा दरारा वाढता. झाले उलटेच. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भरसभेत त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारे प्रहसन आले. धर्मपीठाच्या लोकांना यात सैतान दिसला, मेस्मरपंथीयांना पाखंड. श्रोते पांगले.

फारियांचा विचार कालांतराने फळास आला. स्कॉटलंडच्या जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये ह्या विद्येला संमोहनाचे नाव दिले, आणि नान्सी येथील लिएबो व बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचना हेच उपचाराचे मर्म मानले. संमोहन ही खरी झोप नव्हे, ती एकाग्र अवस्था होय, हे आज मान्य आहे. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती, मनाच्या ताणाने वाढणारे आतड्यांचे विकार यांत प्रशिक्षित तज्ज्ञाच्या हाती ते उपयोगी पडते. ते इतर उपचारांच्या जोडीने योजावयाचे असते. रोग्याचे सहकार्य नसेल, तर तज्ज्ञाचाही इलाज चालत नाही.

फारियांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अलेक्झांडर द्यूमा यांनी मॉन्टे क्रिस्टोच्या कादंबरीत त्यांच्या नावाचा एक विद्वान बंदिवान रंगविला. तो मात्र इटालियन केला. ती कादंबरी जगभर वाचली गेली. ज्यांचे नाव तीत आले, त्या कांदोळीच्या फारियांचे दफन मोंमार्त्र येथे झाले. त्या जागी नावाचा दगडही नाही.